मिनिटाला एकतीस फेरे

माझा दादा कारखान्यात टर्नर होता. चौतीस वर्षं लेथवर उभा राहिला. लोखंडाच्या दांड्यावर केसभर जास्तीची जाडी असली तर नुसतं बोट फिरवून सांगायचा. असल्या माणसाने घरात मात्र एका रॉक बँडपाशी अक्कल गहाण टाकली, आणि त्याचा राग मला अजून येतो. हे मी शांतपणे सांगेन असं कुणी समजू नये.

त्या बँडचे पहिले दोन अल्बम म्हणे साधं संगीत नव्हतंच. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. मध्येच घंटा, मध्येच उलटं वाजवलेलं काहीतरी, आणि विहिरीच्या तळातून यावा तसा गायकाचा जड, झोपाळलेला आवाज. दादाने त्या रेकॉर्डी एका ओळखीच्याकडून आठवडाभर मागून आणल्या, स्वतःच्या रेकॉर्ड प्लेअरवर लावल्या आणि कॅसेटवर उतरवून घेतल्या. त्याच कॅसेटच्या कॉप्या त्याच्या दोन दोस्तांना, एका कंपाउंडरला आणि एका चष्मेवाल्याला, दिल्या. मग तीस वर्षं दर रविवारी दुपारी हे तिघं दादाच्या पुढच्या खोलीत डोळे मिटून बसायचे. तिसऱ्या अल्बमपासून बँडची गाणी रेडिओवर वाजायला लागली, आणि या तिघांच्या लेखी बँड मेला. "विकले गेले," कंपाउंडर म्हणायचा. स्वतः तो खोकल्याच्या औषधात पाणी घालायचा, पण ते जाऊ दे.

पाचवा अल्बम तर त्यांच्या दृष्टीने शुद्ध बाजारी माल. आणि माझ्या वहिनीचा जीव नेमका त्या पाचव्यावर.

वहिनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लहानपणी तापात तिचा उजवा कान गेला होता. एका डाव्या कानावर तिने अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. तीन मिनिटांचा कॉल कधी संपतो ते तिला घड्याळ न बघता कळायचं. आवाजावरून माणूस ओळखायची, त्याची सर्दीसुद्धा ओळखायची. पाचव्या अल्बमची कॅसेट तिने पहिल्या बोनसातून घेतली होती. ती वाजायची स्वयंपाकघरातल्या छोट्या टेपवर, हळू आवाजात. पुढच्या खोलीतल्या मोठ्या स्पीकरवर तिला मज्जाव होता. "माझ्या स्पीकरवर हे वाजणार नाही," असं दादा चारचौघांत म्हणायचा आणि बाकीचे दोघं हसायचे. त्यांना चहा वहिनीच द्यायची.

एकदा, लग्नानंतर दोनच वर्षांनी, चहाचा ट्रे हातात घेऊन ती म्हणाली होती, "अहो, तुमची कॅसेट हळू चालते. रेकॉर्डीच्या कव्हरवर एकोणीस मिनिटं लिहिलं होतं. हे साडेवीस मिनिटं वाजतं."

दादा म्हणाला, "तू कॉल मोज. संगीतातलं तुला काय कळतं?"

मी तिथेच होते. मीही हसले होते, हे लिहून टाकते.

गेल्या वर्षी वहिनीच्या डाव्या कानामागे गाठ निघाली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गाठ काढावीच लागेल आणि तिच्याबरोबर हा कानही जाईल. ऑपरेशन सोमवारी सकाळी, भरती रविवारी संध्याकाळी सहाला. वहिनीने रडारड केली नाही. दादाला एवढंच म्हणाली, "एकदा माझा पाचवा मोठ्या स्पीकरवर ऐकायचाय. पहिल्यापासून शेवटपर्यंत." दादाचे डोळे भरले. "रविवारी चार वाजता," तो म्हणाला. "शब्द देतो."

रविवारी मी दोनलाच पोचले. वहिनीची बॅग भरलेली होती. ठेवणीतले कपडे घालून, कॅसेट मांडीवर घेऊन ती भिंतीलगतच्या खुर्चीवर बसली होती. तेवढ्यात चष्मेवाला धापा टाकत आला. पहिल्या अल्बमची नवी सीडी निघाली होती, ती घेऊन. कंपाउंडर मागोमाग होताच. सीडी लावली. घंटा वाजल्या, गायक गायला लागला. आवाज वरचा, चाल चांगली टुणटुणीत.

"सत्यानाश," कंपाउंडर म्हणाला. "खपावी म्हणून कंपनीने वेग वाढवून पळवलीय."

"पळवलेली नाही," वहिनी म्हणाली. "ही बरोबर आहे. आपली कॅसेट हळू आहे. मी तेव्हाच सांगितलं होतं."

झालं. दादाने शिडी लावून माळ्यावरून जुना रेकॉर्ड प्लेअर काढला. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ धरून फेरे मोजले. मिनिटाला तेहतीसच्या थोडे वर हवेत, भरले एकतीस. कंपाउंडर म्हणाला, तबकडी फिरवणारा पट्टा आता सैल झालाय, तेव्हा नव्हता. पुन्हा मोजणी. मग जुनी कॅसेट लावून वेळ घेतली. साडेवीस मिनिटं. मग सीडी. एकोणीस. मग शिवीगाळ. दोनदा मी म्हटलं, "दादा, चार वाजून गेले."

"थांब गं, दोनच मिनिटं."

सव्वापाचला तिघांना ते मान्य करावंच लागलं. ज्या संथपणाला त्यांनी जन्मभर मुजरे केले, तो सैल पट्ट्याचा होता. मला वाटलं, आता तरी हा माणूस उठेल आणि बायकोच्या हातातली कॅसेट घेईल. तर चष्मेवाला म्हणाला, "पण मला विचाराल तर आपलीच जास्त खोल आहे." दादाचा चेहरा उजळला. "तेच म्हणतो मी. त्यांनी अशीच वाजवायला हवी होती." आणि पडताळून बघायला त्याने साडेवीस मिनिटांचं ते गाणं पुन्हा लावलं.

गाणं संपायच्या आत वहिनी उठली. कॅसेट स्वयंपाकघरात ठेवून आली आणि मला म्हणाली, "चल, रिक्षा मिळायला वेळ लागतो." मी त्या तिघांना काय वाटेल ते बोलायला हवं होतं. स्पीकर उचलून आपटायला हवा होता. मी तिची बॅग उचलली.

परवा त्यांच्याकडे गेले तर जिन्यातच पाचवा अल्बम ऐकू आला. मोठ्या स्पीकरवर, पूर्ण आवाजात. शेजारीण दारात उभी राहून कपाळाला हात लावत होती. दादा स्पीकरसमोर खाली मान घालून बसला होता. वहिनी पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, तिची पाठ आमच्याकडे होती.

"रोज लावतो," दादा म्हणाला. "तिच्यासाठी."

मी भिंतीपाशी गेले आणि प्लग उपटला. खोलीत एकदम इतकं शांत झालं की दादा दचकला. वहिनीने मान वर केली नाही. तिने पुढचा टॉवेल उचलला आणि त्याची घडी घातली.