भोपाळच्या बाबांची चूल

"मुलग्यांच्या हातात चूल?" इन्स्पेक्टर साहेबांनी दारातच चष्मा काढला.

समोर चार वर्षांचा बंडू उकिडवा बसून भातुकलीच्या चुलीत फुंकर घालत होता. पलीकडे सुमी उलट्या बाकावर बसून टांगा हाकत होती. मला हसू आवरेना. पण साहेब पाहणीला आले होते, आणि त्यांच्या एका शब्दावर माझा निम्मा वर्ग जाणार होता.

नवा मध्य प्रदेश नुकताच झाला होता. शाळांचीही जुळवाजुळव चालू होती. लष्कर हा आमचा शहरातला भाग; तिथल्या आमच्या बालमंदिरात मुली ठेवायच्या आणि मुलगे मुलग्यांच्या शाळेत धाडायचे, असा बेत होता. त्या शाळेतल्या मास्तरांची छडी सगळ्या लष्कराला ठाऊक. माझे वीर तर अजून चड्डीची नाडी बांधायला माझ्याकडे येत.

तो तास मुक्त खेळाचा होता. म्हणजे खेळणी मांडायची, मुलांनी हवं ते उचलायचं, आणि ताईने तोंड मिटून बघत बसायचं. मला ती शिक्षाच वाटे. एरवी बहुतेक मुलगे ठोकळ्यांवर तुटून पडत आणि मुली भातुकलीवर. त्या हिवाळ्यात मात्र सगळं उलटं झालं होतं.

"हे तुम्ही शिकवलंत?"

"नाही साहेब. मलाही उमगलेलं नाही. त्यालाच विचारा."

साहेब चुलीपाशी टेकले. "क्यों भई, तू आई झालास का?"

"मैं बाबा हूँ," बंडू वर न बघता म्हणाला. "भोपाळला असतो. क्वार्टर नाही मिळालं."

"आणि ही?"

"मी आई," सुमी म्हणाली. "राशन आणायला बाड्यावरच्या बाजारात चाललेय. सरका, घोडा लात मारेल."

साहेब खरंच सरकले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नवी राजधानी भोपाळ झाली, तशा इथल्या सरकारी कचेऱ्या तिकडे गेल्या होत्या. क्वार्टर मिळेपर्यंत कितीतरी मुलांचे वडील तिकडे एकेकटे खोली घेऊन स्टोव्हशी झुंजत होते. इकडे घर, बाजार, टांगेवाल्याशी घासाघीस, सगळं आयांकडे आलं होतं. मुलं घरचंच खेळत होती.

"साहब, जेवणार?" बंडूने रिकामी वाटी पुढे केली. "डाळ जळलीय. रोज जळते."

साहेबांनी वाटी घेतली. चांगले फुरके मारून डाळ संपवली.

"पुढच्या महिन्यात माझीही बदली आहे," ते मला हळूच म्हणाले. "मला तर चहासुद्धा येत नाही, ताई." मग उठून धोतर झटकलं. "मुलगे इथेच राहू देत. काहीतरी शिकतील."

मी जिंकले. उन्हाळ्यात भोपाळला क्वार्टरं मिळू लागली. एकेक बिऱ्हाड हललं, बंडू गेला, सुमी गेली, आणि वर्ग अखेर निम्मा झालाच. नवी मुलं आली. मुलगे ठोकळ्यांकडे, मुली चुलीकडे.

मुलगे काय खेळतात आणि मुली काय, असं आजही कोणी मला विचारतं. मी उलट विचारते, घरी सध्या स्वयंपाक कोण करतंय?