सातपुड्याच्या पायथ्याचा समुद्र

पंजाबरावांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. खामगावच्या एका जिनिंगमध्ये मिस्त्री म्हणून त्यांची हयात गेली. कापसाचा हंगाम संपला की ते संग्रामपूरकडच्या आपल्या गावी यायचे, जिथल्या विहिरींचं पाणीही खारट. एका उन्हाळ्यात त्यांनी यंत्राच्या सुट्या भागाभोवती गुंडाळून आलेलं परदेशी मासिकाचं एक पान घरी आणलं. त्यावर घराएवढी लाट होती, आणि लाटेवर फळीवर उभा राहिलेला एक उघडाबंब माणूस.

मनकर्णाबाईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ते पान बराच वेळ निरखलं. "पडत काऊन नाही हा?"

"फळीखाली मशीन असन," पंजाबराव म्हणाले. जगात जे काही हलतं त्याच्याखाली मशीन असतंच, यावर या गृहस्थांचा ठाम विश्वास होता.

तिथून त्या दोघांचा खेळ सुरू झाला. मुली सासरी गेलेल्या, दुपारी काम नाही, आणि सबंध लग्नात दोघांचं बोलणं म्हणजे मीठ आहे का, बैल बांधला का, एवढंच. मनकर्णाबाई गोष्ट सांगायची आणि पंजाबराव त्या गोष्टीत शिरून वागायचे. गोष्टीतलं साल दोन हजार, म्हणजे अजून चाळीसेक वर्षांनी येणारं. समुद्र सातपुड्याच्या पायथ्याशी आलाय. तो येईलच कसा, असं विचारायची सोय नव्हती. आपलं गाव जागचं न हलता मध्य प्रदेशात होतं, मग मुंबई राज्यात गेलं, आता महाराष्ट्रात आलं. तर समुद्राला यायला काय झालं, असं पंजाबराव म्हणत. पाणी खारं आहेच, म्हणजे निम्मा तर आलाच होता.

त्या समुद्रावर लाटस्वारांची वस्ती होती. त्यांच्या फळ्या सरकीच्या तेलानं माखलेल्या, पोटात बारीक दातेरी चाकं, आणि धन्याचा आवाज ओळखूनच चालू होणाऱ्या. कानात बिनतारी यंत्र, ते पुढची लाट किती उंच हे सांगायचं. सकाळची पहिली लाट सगळ्यात म्हाताऱ्या स्वाराची. दुसऱ्याच्या लाटेत घुसेल त्यानं त्याला भाकर खाऊ घालायची. हे सगळं जळंब स्टेशनच्या पलीकडे न गेलेल्या बाईनं रचलं होतं, आणि रेडिओवर दिल्लीतले लोक बोलतात त्याहून ते मला तरी जास्त पटतं.

लाट पार झाली की नाही, ते पाच कवड्या ठरवायच्या. पाचही पालथ्या पडल्या की स्वार बुडाला. बुडालेल्यानं बोलायचं नाही, हलायचं नाही. मनकर्णाबाईच्या फेकीत तीन कवड्या उताण्या पडेपर्यंत तसंच राहायचं.

पण खरी गोडी वेगळीच होती. त्या गावात कुठली बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. खेळात मात्र ते पंजाबराव नव्हतेच, दर्याजी होते. दर्याजीला नावानं हाक मारता यायची, अरे-तुरे करता यायचं, चक्क 'बे' म्हणता यायचं. पहिल्यांदा ती "सरळ उभा राह्य बे दर्याजी" म्हणाली तेव्हा लाजून तिनं पदर तोंडाशी धरला, आणि पंजाबराव डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. शेजारणी नाकं मुरडायच्या, म्हातारपणी चळ लागलाय म्हणायच्या. म्हणोत.

चैत्रातल्या एका दुपारी पंजाबरावांच्या हातून कवड्या सुटल्या. पाचही पालथ्या. ते खांबाला टेकले आणि गप्प झाले.

"बुडाला का?" मनकर्णाबाई हसली आणि कवड्या फेकू लागली. तीन काही पडेनात. तिला गंमत वाटत होती, म्हणून तीही घाई करेना. मासे तुझ्या पायाला गुदगुल्या करून राह्यले, असं काहीबाही सांगत बसली. शेवटी तीन उताण्या पडल्या.

"ऊठ बे दर्याजी. किती बुडून राह्यशील?"

ते उठले नाहीत. तेव्हा तिला त्यांचं वाकडं झालेलं तोंड दिसलं.

बैलगाडीतून, मग मोटारीतून त्यांना खामगावला नेलं. अर्धांगवायू. वाचा गेली, उजवी बाजू गेली. लवकर आणलं असतं तर, हे डॉक्टरांना विचारायचा धीर तिला झाला नाही. कवड्यांबद्दल ती कुणापाशी चकार शब्द बोलली नाही. त्यांनी एकदा बोलावं, शिवी दिली तरी चालेल, एवढंच तिला हवं होतं. तिला वाटलं होतं की ते खेळतायत, हे त्यांना कळलं होतं का?

घरी आल्यावर काही दिवसांनी पंजाबरावांनी डाव्या हातानं कोनाड्यातल्या कवड्यांकडे बोट दाखवलं. मनकर्णाबाईला ते सोसलं नाही. ती दुसरीकडे पाहत म्हणाली, "समुद्र आटला. आता नाही तो." त्यांनी हात खाली घेतला. त्यानंतर त्यांनी कवड्या कधी मागितल्या नाहीत, आणि तिला सुटल्यासारखं वाटलं.

पोळ्याच्या आधी ते गेले. मनकर्णाबाई तेव्हा दुसऱ्याच्या शेतात तण निंदायला गेली होती. तिच्यामागे शेजारची सत्यभामाबाई त्यांच्याजवळ बसत असे. शेवटीही तीच होती. तेरवी झाली तरी मनकर्णाबाई रडली नाही. सगळे पांगल्यावर सत्यभामाबाई तिच्याजवळ येऊन टेकली.

"पानी लय मांगत जायेत ते," ती म्हणाली. "हात असा पसरून वर-खाली, वर-खाली करत. म्या तांब्या नेला का नाही-नाही मान हलवत. पुन्हा तसंच."

मनकर्णाबाईनं तिच्या हाताकडे पाहिलं. तळवा सपाट, फळीसारखा, हळूच चढत होता आणि उतरत होता.

"कवापासून?"

"तू निंदाले गेली का रोजच. त्या दिवशीबी."

मनकर्णाबाईनं तो हात धरला, त्याच्यावर तोंड दाबलं आणि मोठ्यानं रडू लागली. सत्यभामाबाई दुसरा हात तिच्या पाठीवरून फिरवत राहिली.

"म्या पाजलं ना बाई," ती समजावत होती. "दर बारीले पाजलं. तहानलेले नाही गेले ते."