पाचव्या भागाचा नंबर

लिफ्टवाल्याच्या दुरुस्तीच्या धंद्यात एकच मंत्र होता: "दोनच मिनिटं."

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं आधी बटणं दाबतात, मग दार बडवतात, मग एकमेकांवर ओरडतात. तेव्हा बाहेरून शांत, जाडसर आवाजात सांगायचं, "दोनच मिनिटं हं. उघडतोच." मग तास का लागेना. खरं सांगितलं तर आतला माणूस दार उचकटायला जातो आणि जिवाला मुकतो. या आवाजावर त्याने कितीतरी जणांना सुखरूप बाहेर काढलं होतं. बायकोही त्यातूनच मिळाली. शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन ती अडकली होती. दार उघडल्यावर घाम पुसत म्हणाली, "तुमच्या घरी घड्याळ नाही का हो?"

आता तीच बायको पलंगाच्या कडेला बसून, समोरच्या स्टुलावर उशी ठेवून, तिच्यावर कपाळ टेकवून होती. गल्ली तिला मास्तरीण म्हणायची. तिच्या हातच्या शिलाईला तोड नव्हती. उजव्या डोळ्याचा पडदा सरकला होता. ऑपरेशन करून डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता. तो पडद्याला टेकून राहावा म्हणून मान खालीच ठेवायची. डावा डोळा लहानपणापासून नावापुरता. सगळी भिस्त उजव्यावर.

नेमका याच वेळी त्यांच्या आवडत्या मालिकेचा शेवटचा सीझन आला. खून, पोलीस, पाठलाग. बोलणं परक्या भाषेत, टीव्हीच्या पडद्यावर खाली मराठी ओळी. तो ओळी मोठ्याने वाचायचा, ती फरशीकडे बघत ऐकायची. तिचा जीव मालिकेतल्या म्हाताऱ्या इन्स्पेक्टरवर. दर दोन वाक्यांनी खोकायचा म्हणून तिने त्याला खोकलेबुवा नाव ठेवलं होतं.

पाचवा भाग लावला, त्याच दिवशी सकाळी तपासणी होती. डॉक्टरांनी त्याला एकट्याला बाहेर बोलावलं. "पडदा पुन्हा सुटतोय. सोमवारी दाखल करा, परत ऑपरेशन करू. पण पहिल्यासारखं दिसेल अशी आशा धरू नका. त्यांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मी सांगतो," तो म्हणाला. आत येऊन बायकोला म्हणाला, "छान आहे म्हणाले. थोडा वेळ लागेल. सोमवारी एक साधी तपासणी."

संध्याकाळी पडद्यावर खोकलेबुवा एका गोदामात गोळी लागून मेले. ओळ आली. ती वाचायला त्याची जीभ वळेना. त्याने वाचलं, "जखमी झालेत. दवाखान्यात नेतायत."

एक खोटं लपवायला दहा लागतात. सहाव्या भागात लोक रडत होते. त्याने त्यांना काळजी करायला लावली. सातव्यात खोकलेबुवांना घरी आणलं. आठव्यात तर सेवानिवृत्तीचं भाषण द्यायला लावलं. 

आणि रविवार उजाडला. या घराची रीत अशी, की सीझन संपला की लिफ्टवाल्याची धाकटी बहीण यायची आणि तिघं मिळून सगळ्या भागांची क्रमवारी लावायची. तळापासून सुरुवात, पहिला नंबर शेवटी. ज्याचा पहिला नंबर एकटा पडेल त्याने भांडी घासायची. बहिणीने सगळे भाग स्वतःच्या घरी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

त्याने फोनवर टाळून पाहिलं. "ती थकलीय गं. पुढच्या रविवारी ये."

"काही नाही थकले," उशीतून आवाज आला. "येऊ द्या वन्संना."

दारातच गाठून बहिणीला सांगायचं त्याने ठरवलं होतं. पण ती जिन्यापासूनच बोलत आली. तो नुसता डोळे मोठे करत, ओठांवर बोट ठेवत राहिला.

"डोळे काय वटारतोस दादा? आणि हे बोट कसलं? वहिनी, याला काय झालंय?"

"दात दुखतोय," तो म्हणाला.

"मग गप्प बस. वहिनी, मी आधी सांगते. माझा पहिला नंबर..."

"तळापासून!" तो इतक्या जोरात ओरडला की बहीण दचकली. "रीत आहे ना? तळापासून!"

"आधी मी लावते," मास्तरीण म्हणाली. मान खालीच. "तळाला आठवा."

"अय्या, आठवा तळाला? का?"

"भाषणच भाषण."

बहिणीने भावाकडे पाहिलं. "भाषण? कुणाचं?"

 लिफ्टवाल्याने बहिणीपुढे हात जोडले. आता कुठे तिला काहीतरी उमगलं. ती मुकाट्याने खुर्चीत बसली.

"त्याच्यावर सातवा. त्याच्यावर सहावा," मास्तरीण सावकाश म्हणाली. "खरं तर हे तिन्ही मला लावताच येत नाहीत. ते ह्यांनी रचलेत. मग पहिला, तिसरा, दुसरा, चौथा. आणि सगळ्यात वर पाचवा. खोकलेबुवा गेले तो."



"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"अहो, डोळा गेलाय, कान नाही. पाचव्यानंतर माणूस एकदाही खोकला नाही. तुम्ही त्याला बोलायला लावलंत, खोकायला लावायचं विसरलात." बहिणीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "आणि तुमचा तो आवाज. लिफ्टच्या बाहेरून लावता तो. मी आतून ऐकलाय तो, माझ्यापुढे नका लावू. तोच आवाज त्या दिवशी सकाळीही लावला होतात. दवाखान्यात."

तो तिच्याजवळ आला.

"मी वाट बघत होते, आज सांगाल, उद्या सांगाल. उद्या सोमवार. डॉक्टर काय म्हणाले?"

तिचा चेहरा दिसत नव्हता. तो खाली बसला, मग फरशीवर उताणा झोपला, लिफ्टच्या खड्ड्यात पाना घेऊन झोपतो तसा. तिने कपाळ उशीच्या कडेला सरकवलं. आता तो तिच्या चेहऱ्याच्या बरोबर खाली होता.

"पडदा पुन्हा सुटतोय. उद्या दाखल व्हायचंय. परत ऑपरेशन."

"आणि मग?"

"पहिल्यासारखं दिसणार नाही म्हणाले."

"सुई ओवता येईल?"

सवयीचे शब्द ओठांवर आले. त्याने ते आवरले.

"माहीत नाही गं."

 एक थेंब त्याच्या गालावर पडला. त्याने तो पुसला नाही.

"हे त्याच दिवशी सांगायचं," ती म्हणाली. "मी अडकलेय ते मला माहीत होतं. किती, तेवढंच विचारत होते."

मग मान तशीच ठेवून तिने हाक मारली. "वन्सं, सहावा भाग लावा. तीन भाग बघायचे राहिलेत माझे, क्रम कसा लावू?"

बहिणीने नाक ओढत रिमोट उचलला. "वाचायचं कोणी?"

"हेच वाचतील. पण लिहिलंय तेच."

तो उठून बसला. पडद्यावर अंत्ययात्रा होती. पहिली ओळ आली, आणि त्याने ती होती तशी वाचली.