खाली जा आणि वर ये

जिवंत माणसाच्या घरी मी कडू घास घेऊन गेलो होतो. आमच्याकडे मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटवत नाहीत; शेजारपाजारचे पिठलं-भाकरी बांधून नेतात आणि घरच्यांना बळेबळे चार घास खायला लावतात. तर असं पिठलं मी नेलं, आणि ज्याच्या नावानं नेलं तो आत घोंगडं पांघरून घोरत होता.

आक्कांची आठवण निघाली की मला आधी ते पिठलं आठवतं, आणि मग त्यांचा आवाज. कसबा बावड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाला त्यांची पिठाची गिरण होती. जन्मभर गिरणीच्या घरघरीवर मात करून बोलल्यामुळे आवाज असा तयार झाला होता की वीज गेली, गिरण थांबली, तरी तो खाली यायचा नाही. त्या कुणाच्या कानात काही सांगू लागल्या की अख्खी गल्ली कान न देता ऐकायची. भुवया कायम पांढऱ्या. कपाळावरची विभूती कुठं संपते आणि जोंधळ्याचं पीठ कुठं सुरू होतं, हे सांगणं अवघड. माहेर निपाणीच्या पलीकडचं, त्यामुळे रागावल्या की कन्नड आणि फारच रागावल्या की गप्प. गप्प आक्का मी दोनदाच बघितल्या, त्यातल्या एकदा कारण मी होतो.

उजव्या हाताच्या एका बोटाचं पेर त्यांना नव्हतं. गिरणीच्या पट्ट्यानं खाल्लेलं. दुसऱ्या दिवशी हाताला फडकं गुंडाळून त्या पुन्हा दळायला उभ्या. कुणीतरी कळवळून म्हणालं, "आक्का, आता तरी ही गिरण इका." त्यावर त्या जे बोलल्या ते गल्लीला पाठ झालं होतं : "गिरणीचं हुतं ते गिरणीनं न्हेलं. ऱ्हायलेली माझी हायत." नवरा तरणाताठा गेला. धडधाकट माणूस सायकलवरून घरी येत होता, उसाची ट्रॉली पालथी झाली, तो खाली सापडला. तेव्हापासून गिरण, घर आणि बसू नावाचा एक पोरगा, असं तिन्ही आक्कांच्या अंगावर होतं.

हा बसू नौदलात गेला, आणि तिथं काय सुचलं कोण जाणे, आपणहून पाणबुडीसाठी नाव दिलं. गल्लीत एकच कालवा. आमच्यातल्या निम्म्या लोकांचं पाणी पंचगंगेच्या घाटावर संपतं. आक्का तर नदीत घोट्याच्या वर कधी उतरायच्या नाहीत. समुद्र त्यांनी बघितलाही नव्हता. त्यांनी लेकाला एवढंच विचारलं, "खिडकी असती का रं त्येला?"

"न्हाय."

"मग बरं हाय. बाहीर बघायचं काय, पाणीच की."

बसू रजेवर आला की त्याच्या ट्रंकेतल्या कपड्यांना डिझेलचा वास यायचा. पाणबुडीत सगळ्यालाच तो वास लागतो, धुतला तरी जात नाही, असं तो सांगायचा. दळणाला आलेल्या बायका नाकाला पदर लावायच्या. आक्का मात्र सदरा नाकाशी धरून म्हणायच्या, "तुज्या बाच्या इंजनाचा वास हाय." गिरणीला वीज येण्याआधी तिथं डिझेलचं इंजिन होतं.

मी विम्याचा एजंट. लोकांना मरणाची आठवण करून द्यायची आणि सही घ्यायची, हा माझा धंदा. आक्कांपुढे पाणबुडीचे सगळे धोके माझे मांडून झाले होते : वरचं पाणी पत्रा चेपून टाकतं, आत आग लागली तर पळायला अंगण नाही, हवा संपली तर दार उघडता येत नाही. आक्का दळण चाळत ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "इमेवाल्या, मरायला पाणी कशाला लागतंय? माझा नवरा कोरड्यात ग्येला. रस्ता बंद केला का कुणी?" सही अखेरपर्यंत मिळाली नाही.

तर दोन हजार सालच्या ऑगस्टमध्ये मी दूरदर्शनसमोर बसलो होतो. बातमी सुरू झाली : पाणबुडी समुद्राच्या तळाशी, आत खलाशी अडकले. आणि वीज गेली. शहाण्या माणसानं वीज येईपर्यंत थांबलं असतं. पण माझ्या लेखी जगात पाणबुडी एकच होती, ती आमच्या गल्लीतल्या बसूची. मी गल्लीभर सांगत सुटलो. बायकोनं पिठलं टाकता टाकता विचारलं, "अवं, खात्री केलीसा का?" मी म्हणालो, "टीव्हीवर दाखवलंय, आणखी काय पायजे?"

गिरणीच्या पायरीवर बायका डोळ्याला पदर लावून बसल्या. मी डबा घेऊन पुढं. आक्का पीठ झटकत बाहेर आल्या.

"काय रं, कोण ग्येलं?"

बायकांनी माझ्याकडं बघितलं. मीच घसा खाकरला. "आक्का, धीर धरा. आपला बसू..."

"बसूला काय झालं? सकाळच्या गाडीनं आलाय. झोपलाय आत."

तेवढ्यात आतून बसू डोळे चोळत आला आणि म्हणाला, "कोण रडाय लागलंय?" पायरीवरच्या एका म्हातारीनं किंचाळून त्याला हात जोडले. वीज आली. कुणाच्या तरी घरातला टीव्ही सांगू लागला की पाणबुडी रशियाची आहे.

हीच ती आक्कांची गप्प होण्याची वेळ. त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला, उघडला, पिठल्याचा वास घेतला. मग पाट मांडला. बसू म्हणाला, "मी खातो की, भूक लागल्या."

"तू हात लावायचा न्हाईस. कडू घास परत न्हेत न्हाईत, आन् टाकत न्हाईत. ज्यानं आणलाय त्यो खाईल."

सगळ्या गल्लीदेखत मी ते खाल्लं. आक्का समोर उभ्या राहून भाकरी संपेपर्यंत हलल्या नाहीत. शेवटचा घास गिळल्यावर म्हणाल्या, "आता ज्या ज्या दारात त्येला मारून आलास, त्या त्या दारात जाऊन जिता करून ये."

गेलो. बातमी पसरवण्यापेक्षा परत घेणं किती अवघड असतं ते त्या दिवशी कळलं. दोन घरांत तर लोक नाराज झाले, आंघोळ करून बसले होते म्हणून.

पण मी पसरवलेली बातमी माझ्या आधीच बस पकडून निपाणीला पोचली होती. बसूची सोयरीक तिकडच्याच गिरिजाशी ठरली होती. साखरपुड्यासाठीच तो रजा काढून आला होता. दोन दिवसांत गिरिजाचे वडील दारात. माणूस सज्जन, तंबाखूचा लहान व्यापारी, पण घाबरलेला. त्यांनी फेटा मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "आक्का, पोरगं नौदलात असू दे. पाण्यावर असू दे. पण पाण्याखाली नको. तुमी शब्द टाका, तो बदली मागंल. न्हाईतर आमाला इचार करावा लागंल."

मी कोपऱ्यात चहा पीत होतो. बसू मान खाली घालून बसला होता. आईनं एक शब्द टाकला असता तर त्यानं ऐकलं असतं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, आणि आक्कांनाही.

"पावणं," आक्का म्हणाल्या, "मी त्येला जा म्हणालो न्हवतो, म्हणून ये बी म्हणणार न्हाय. त्यो ज्या डब्यात बसतोय त्यात त्येच्यासंगं आणखी पोरं हायत. त्येंच्याबी आया हायत. माझाच तेवढा काढून घिऊ? मग त्येच्या जागी कुणाचा बसवू, तुमी सांगा."

पावण्यांनी फेटा पुन्हा डोक्यावर चढवला. आठवडाभरात निरोप देतो म्हणून उठले.

तो आठवडा मला अजून आठवतो. रोज संध्याकाळी आक्का आमच्या घरी बातम्या बघायला यायच्या. त्यांच्या घरी टीव्ही होता, पण बसूच्या समोर त्यांना बघायचं नव्हतं. त्या रशियन पाणबुडीच्या आतून ठोके ऐकू आल्याचं बातम्यांत सांगत होते. आक्का पदराचं टोक पिळत बसायच्या. गिरण बंद केल्यावर पन्हाळीला चिकटलेलं पीठ पाडायला त्या रोज लाकडी दांडक्यानं तिच्यावर ठोकायच्या. सगळी गल्ली त्या आवाजावर संध्याकाळ ओळखायची. त्या आठवड्यात तो आवाज आला नाही. मला एकदाच त्या म्हणाल्या, "आत पोरं जिती हायत रं. दार उघडाय काय लागतंय एवढं?" पाणबुडीचे धोके सांगत फिरणारा मी उठलो आणि टीव्हीचा आवाज बारीक केला.

मग एके दिवशी सांगितलं की दार उघडलं आणि आत कुणीही जिवंत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरण बंद. मी डोकावलो. घरात चूल थंड होती. बसू परसात बसून बूट घासत होता, जे आधीच चकचकीत होते. आक्का पाटावर बसल्या होत्या. ही दुसरी गप्प होण्याची वेळ. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "इमेवाल्या, तुझ्या बायकूला सांग, त्या दिवशीचं पिठलं आज पाठव."

बायकोनं काही न विचारता पिठलं केलं. मी डबा नेला आणि आक्कांसमोर ठेवला, तेवढ्यात दारात गिरिजाचे वडील. निरोप घेऊन आले होते. कसला निरोप, ते चेहऱ्यावर दिसत होतं. थंड चूल, पिठलं, बंद गिरण बघून ते उंबऱ्यातच थबकले.

"आक्का, कोण ग्येलं?"

"पोरं ग्येली."

"कुणाची?"

"मला ठावं न्हाय. माझी न्हवंत. पर त्येंच्या आयांच्या दारात कोण कडू घास घिऊन ग्येलं असंल-नसंल, म्हणून हितं आणलाय."

त्यांनी एक घास घेतला. बसूला हाक मारली, त्याला दिला. या वेळी त्याला मनाई नव्हती. गिरिजाचे वडील उभेच होते. मग त्यांनी चपला काढल्या, फेटा उतरवला आणि पाटाशेजारी जमिनीवर बसून हात पुढं केला. कडू घास खाल्ला की माणूस त्या घराचा होतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असावं. हात धुताना ते म्हणाले, "आक्का, पोरगी पयल्यापासनं व्हय म्हणतीया. मीच भ्यालतो."

"भ्यायचं की," आक्का आपल्या मूळ आवाजात म्हणाल्या, "मीबी भितो. भिऊन गिरण बंद ठेवायची न्हाय, एवढंच." आणि उठून त्यांनी खटका दाबला. त्या संध्याकाळी पन्हाळीवरचे ठोके नेहमीपेक्षा जोरात आले. बसू बघत होता, आणि त्याला जे ठरवायचं होतं ते त्यानं तिथंच ठरवलं असावं. लग्न झालं, आणि तो परत पाणबुडीवर गेला.

स्टेशनवर निरोप देताना बाकीचे "जपून जा" म्हणायचे. आक्का ते कधीच म्हणाल्या नाहीत. पिठाची पिशवी त्याच्या हातात द्यायच्या आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "खाली जा आणि वर ये." तो वर आला की फोन करायचा. पुढं बरीच वर्षं तो खाली जात राहिला आणि वर येत राहिला, आणि गिरिजा आक्कांच्या शेजारी उभी राहून दळण घेऊ लागली. तिचाही आवाज वाढला.

आक्का गेल्या त्या कोरड्यातच. भर उन्हाळ्यात, दुपारी गिरणीच्या ओट्यावर टेकल्या आणि उठल्या नाहीत. बसू तेव्हा पाण्याखाली होता. पाण्याखाली असला निरोप लगेच पोचत नाही. तो वर येईल तेव्हाच त्याला कळणार होतं. आक्का असत्या तर म्हणाल्या असत्या, त्याला त्याचं काम करू द्या. सगळं गिरिजानंच बघितलं. डोळे सुजले होते, पण आलेल्या बायकांना कुठं बसायचं ते ती गिरणीवरच्या आवाजात सांगत होती.

मी बायकोनं दिलेला डबा घेऊन पायरीपर्यंत गेलो. म्हटलं, आक्कांच्या घरी माझ्या हातचा हा दुसरा नव्हे, तिसरा डबा. पण या वेळी खरा. गिरिजानं मला बघितलं, डबा बघितला. पुढं आली. मला वाटलं, आता रडेल; मी धीर देण्यासाठी घसा खाकरला.

"थांबा काका," ती म्हणाली. "आदी आत जाऊन बघून या. आक्का मला बजावून गेल्यात, ह्या माणसाच्या बातमीवर चूल इझवायची न्हाय."