उबेचं भांडं

गल्लीत तिला सगळे केकवाल्या काकू म्हणायचे आणि तिच्या नवऱ्याला मिस्त्री. मिस्त्री म्हणजे भिंती बांधणारा नव्हे, बेकरीच्या भट्टीवरचा मुख्य माणूस. आता भट्टी कुठली आणि बेकरी कुठली! तिथे चपलांचं दुकान आलं होतं आणि मिस्त्री खिडकीजवळच्या पलंगावर आडवे पडलेले. उजवं अंग लुळं, तोंड जरासं वाकडं, बोलणं जड. तरी हाक मारायची झाली की लोक अजून मिस्त्रीच म्हणत. ती हाक ऐकून त्या माणसाला काय होत असेल, याचा विचार करायला कोणाला सवड नव्हती.

थंडी पडली की काकूंचं घर एका केकवर चालायचं. हा क्रीम फासलेला, गुलाबी फुलं काढलेला वाढदिवसाचा केक नव्हे. मैदा, लोणी, अंडी आणि यीस्ट. दालचिनी, जायफळ, सुंठ, लवंग यांची वस्त्रगाळ पूड. काळ्या चहात भिजवलेल्या मनुका, अंजीर, जर्दाळू आणि साखरेत पाकवलेली संत्र्याची साल. सोडा टाकून घटकाभरात फुगवायची चलाखी इथे चालत नाही. पीठ लोण्याने जड झालेलं असतं, त्यात दालचिनीचा तोरा असा की यीस्ट बिचारं दबूनच वागतं. त्याला रात्रभर ऊब लागते आणि तीही बेताची. जास्त झाली तर पीठ आंबून वास मारतं, कमी पडली तर ढिम्म हलत नाही.

बेकरीत अशी ऊब मिळायची नाही. भट्टी पेटलेली असली की तिथे उभं राहवत नसे आणि विझली की लादीवर पाय ठेववत नसे. म्हणून त्या बेकरीची एक रीत होती. थंडीत या केकचं मूळ पीठ मिस्त्रीने झाकणाच्या भांड्यात घालून घरी न्यायचं आणि कुशीत घेऊन झोपायचं. सकाळी ते फुगलेलं पीठ परत आणून त्यात बाकीचा मैदा आणि सुका मेवा मळायचा.

काकू लग्न होऊन आल्या त्या थंडीतच. पहिल्या आठवड्यात नवरा पांघरुणात एक पितळी भांडं घेऊन शिरला तेव्हा त्यांना वाटलं, आपल्याला फसवलं, माणूस वेडा आहे. मग तो भांड्याला फडकं गुंडाळून, दोघांच्या मध्ये नीट ठेवून, म्हणाला, "हलू नकोस. हिला धक्का लागला तर उद्या मालक माझी चामडी सोलेल."

"हिला?" काकू म्हणाल्या. "म्हणजे सवतच आणलीत की!"

तेव्हापासून त्या भांड्याचं नाव सवत पडलं. पुढे मुलगी झाली, मोठी झाली, लग्न करून लांब गेली, पण सवत दर थंडीत येऊन मध्ये झोपत राहिली. काकू तिच्या नावाने बोटं मोडायच्या आणि मिस्त्री झोपेत कूस बदलताना आधी तिला सांभाळायचे. आपल्यावर पांघरूण ओढायला नवरा कधी उठला नाही, भांड्यावर मात्र उठायचा, हे काकू चारचौघांत हसत सांगायच्या. हसत सांगायच्या, तरी थोडं लागायचंच.

मग बेकरी बंद झाली आणि वर्ष उलटायच्या आत मिस्त्रींना अर्धांगवायूचा झटका आला.

दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. खायला दिलं की ओठ मिटून घ्यायचे. दाढी करू द्यायचे नाहीत. मुलगी येऊन आठवडाभर राहिली, रडली, परत गेली. डॉक्टर म्हणाले, "अन्न पोटात गेलं नाही तर औषध काय करणार? त्यांना जगावंसं वाटलं पाहिजे." डॉक्टरांना बोलायला काय जातं! जगावंसं वाटायची गोळी कुठल्या दुकानात मिळते, ते नाही सांगितलं.

काकूंचे सगळे उपाय थकले तेव्हा त्यांनी कपाटातून ते पितळी भांडं काढलं. घरी केक करून विकायचा, हे त्या क्षणापर्यंत त्यांच्या डोक्यातही नव्हतं. पीठ भिजवलं, भांडं घेऊन पलंगाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, माझ्या सवतीला सांभाळता का? घर थंडगार आहे. माझ्याने हे व्हायचं नाही."

मिस्त्रींनी मान वळवली. बराच वेळ भांड्याकडे पाहिलं. मग डावा हात पांघरुणातून बाहेर काढला आणि बाजूला सरकायचा प्रयत्न केला.

दुसऱ्या दिवशी पीठ झाकणाला लागलं होतं. मिस्त्रींनी पेज मागून प्यायली, दाढी करून घेतली आणि जड जिभेने पहिली आज्ञा सोडली, "वरचा... मधला तुकडा तोड. त्याचा छोटा केक. आधी तो भाज." भट्टीचा अंदाज घ्यायला बेकरीत असंच करत असावेत, असं काकूंना वाटलं. त्यांनी तो पावाएवढा केक भाजून चहाबरोबर त्यांना दिला. मिस्त्रींनी तो सगळा खाल्ला. काकू स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडल्या, पण ते रडणं सुखाचं होतं.

ती थंडी चांगली गेली. गिऱ्हाइकं जमली. गल्लीतल्या कोणी विचारलं की काकू म्हणायच्या, "मी नुसती हातमदत करते. कारखाना तिकडे पलंगावर आहे." आणि मिस्त्री तिकडून "हं" करायचे, मालकासारखे.

दुसऱ्या थंडीत पहिल्याच सकाळी काकूंनी झाकण उघडलं तर पीठ जसं ठेवलं तसं होतं. यीस्ट जुनं असेल म्हणून नवं आणलं. तरी तेच. भांडं दोन फडक्यांत गुंडाळलं. तरी तेच. मग त्यांनी मिस्त्रींच्या पोटाला हात लावला, मांडीला लावला, पायांना लावला आणि काय ते समजल्या. अंगातली ऊबच गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, "रक्त पुरेसं फिरत नाही. हे असंच होत जाणार." कुठपर्यंत होत जाणार, ते काकूंनी विचारलं नाही.

त्या दिवसापासून काकूंनी दोन पिठं भिजवायला सुरुवात केली. एक पितळी भांड्यात, ते मिस्त्रींच्या कुशीत. दुसरं साध्या पातेल्यात, ते स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये, शेजारी उकळत्या पाण्याचं भांडं ठेवून दार लावून. ओव्हनमधलं पीठ असं फुगायचं की काकूंना त्याचा राग यायचा. केक त्याचेच व्हायचे. मिस्त्रींचा छोटा केकही त्याचाच. "अहो, काय फुगलंय आज!" असं त्या रोज सकाळी पलंगाकडे तोंड करून ओरडायच्या. खोटं बोलताना माणसाचा आवाज जरा जास्तच मोठा होतो. मिस्त्री म्हणायचे, "हं."

कुशीतलं पीठ मात्र मेलेलं असायचं. टाकून द्यायला जीव होत नव्हता. ते लाटून, भाजून काकू त्याची बिस्किटं करायच्या आणि खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला द्यायच्या. शिंपीण फटकळ होती. "काकू," ती म्हणायची, "केक विकता आणि मला विटा देता होय? कापड उडू नये म्हणून ठेवते मी त्यावर." तरी चहात बुडवून खायची. एकदा म्हणाली, बिस्किटात अख्खी लवंग निघाली. काकूंनी पूड चाळायचं फडकं बदललं. पुन्हा निघाली. काकूंना वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. लवंगा तर घरात होत्याच. मिस्त्रींची दाढ दुखायची म्हणून उशाशी एक डबी भरून ठेवलेली असायची. ती डबी फार लवकर रिकामी होते, हे मात्र काकूंच्या कधी लक्षात आलं नाही.

एका संध्याकाळी शिंपीण मिस्त्रींची विजार उसवून सैल करून द्यायला वर आली आणि पलंगाशी टेकली. काकू दारात मनुका निवडत बसल्या होत्या.

"मिस्त्रीकाका," शिंपीण म्हणाली, "तुमच्या बायकोला जरा शिकवा. तिच्या बिस्किटांत लवंग अख्खी निघते. दर वेळी! एक दिवस माझा दात जाणार आणि तुम्हाला भरून द्यावा लागणार."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. "दर वेळी?"

"अहो, एकदासुद्धा चुकली नाही."

मिस्त्री हसले. वाकड्या तोंडाने, आवाज न करता, पण हसले. काकूंनाही बरं वाटलं. शिंपीण विजार ठेवून खाली गेली.

"त्या बिस्किटांचं पीठ," मिस्त्री म्हणाले, "माझं ना?"

काकूंचा हात मनुकांमध्येच राहिला. "कसलं तुमचं? उरलंसुरलं असतं ते."

"अगं, लवंग मी घालतो."

एकेक शब्द ओढून काढत त्यांनी सांगितलं. बेकरीत दोन मिस्त्री होते. दोघांची भांडी सारखीच. म्हणून झोपताना हे आपल्या पिठात मधोमध एक लवंग खुपसायचे आणि दुसरा मिस्त्री वेलदोडा. सकाळी तो मधला तुकडा तोडून त्याचा छोटा केक भाजायचा आणि ज्याचा त्याने खायचा. दाताखाली आपली लवंग आली म्हणजे पीठ आपण उबवलं, केक आपला. इतकी वर्षं शेजारी झोपून काकूंना हे ठाऊक नव्हतं.

"पहिल्या थंडीत रोज मिळाली," मिस्त्री म्हणाले. "या थंडीत नाही."

"म्हणजे तुम्हाला..."

"पहिल्याच दिवशी कळलं."

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रोजच्या आरोळ्या आठवल्या. काय फुगलंय आज! "मग बोलला का नाहीत? मला वेडी बनवत बसलात?"

"तू भांडं ठेवायचीस ना इथे," मिस्त्री म्हणाले, "तेव्हा तुझा चेहरा बरा दिसायचा."

आपण ज्याच्यासाठी करत होतो तो आपल्यासाठी करत होता, एवढं कळून दोघांपैकी कोणाच्याही पदरात काही पडलं नाही. पीठ तर फुगत नव्हतंच. काकूंनी मनुका निवडून संपवल्या, चहात भिजत घातल्या, मिस्त्रींना चार घास भरवले. मिस्त्रींनी दोनच खाल्ले.

झोपायच्या वेळी काकूंनी नेहमीसारखं पितळी भांडं भरलं. आता लपवायचं काय राहिलं होतं? पण हात ऐकेनात. भांडं फडक्यात गुंडाळून त्या पलंगाशी आल्या आणि पांघरूण उचललं.

"नको," मिस्त्री म्हणाले.

"असू द्या हो. सवय आहे."

"नको गं. थंडी वाजते मला त्याची."

काकू भांडं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. अंगात ऊब नसलेल्या माणसाच्या कुशीत त्या रोज गार पितळ ठेवत होत्या आणि वरून पांघरूण नीट खोचत होत्या. सकाळपर्यंत त्या भांड्याने मिस्त्रींच्या अंगात होती नव्हती ती ऊब ओढून घेतली असणार. आणि या माणसाने अवाक्षर काढलं नाही. उलट लवंग खुपसत राहिला.

"आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं. मिस्त्रींनी तोंड भिंतीकडे वळवलं.

काकूंनी गरम पाण्याची पिशवी भरून त्यांच्या पायाशी ठेवली, दुसरी पोटाशी ठेवली, आपलं पांघरूण त्यांच्यावर घातलं. मग पितळी भांडं स्वयंपाकघरात नेलं आणि ओव्हनमध्ये उकळत्या पाण्याशेजारी ठेवलं. दार लावता लावता त्यांना काय सुचलं कोण जाणे. परत जाऊन उशाशी असलेल्या डबीतून एक लवंग आणली, झाकण काढलं आणि ती पिठात मधोमध बोटाने खोल खुपसली.

सकाळी पीठ झाकण उचलून बाहेर आलं होतं. काकूंनी वरचा, मधला तुकडा तोडला. छोटा केक भाजला. घरभर दालचिनी आणि जायफळाचा वास सुटला. या वासाने पूर्वी जिन्यातली माणसं थांबायची. काकूंनी चहा केला, केक बशीत ठेवला आणि पलंगाशी नेला. आज त्या ओरडल्या नाहीत.

मिस्त्रींना उठवून, पाठीशी उशी लावून बसवलं. दाढीचे खुंट वाढले होते. त्यांनी डाव्या हाताने केक उचलला, एक घास घेतला, चावला. दुसरा घेतला. मध्येच थांबले. जिभेने चाचपून त्यांनी ती लवंग ओठांपर्यंत आणली, बोटांत धरली आणि पाहिली. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

मिस्त्रींनी लवंग बशीच्या कडेला ठेवली.

"ही माझी नाही," ते म्हणाले. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. उरलेला केक त्यांनी बशीत ठेवला, बशी काकूंकडे सरकवली आणि उशी काढ म्हणून खूण केली.

काकूंनी उशी काढली. त्यांना आडवं केलं. मग स्वयंपाकघरात गेल्या, कारण पीठ आलेलं होतं आणि त्यात सुका मेवा मळायचा राहिला होता.