सुजाताची तहान

नांदेडहून अम्मांचा फोन आला तेव्हा मी सहावीच्या वर्गावर होते. शिकवताना मी फोन घेत नाही, पण अम्मांचं नाव दिसलं की हात आपोआप जायचा. सुजाता त्यांच्याकडेच राहायची, त्यामुळे गेली काही वर्षं तो फोन वाजला की तिचंच काहीतरी झालं असं वाटायचं. अम्मा एवढंच म्हणाल्या, "विशाखा, आजा बेटा. अपनी सुजाता गयी." मी व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभी राहिले. खरं सांगायचं तर रडू आलं नाही, भीती वाटली. ती आता कुठे असेल, बायकांच्या वॉर्डात की पुरुषांच्या, तिच्या अंगावरची चादर कोण ओढत असेल, चिठ्ठीवर कोणतं नाव लिहिलं असेल... आयुष्यभर जिनं दवाखान्यातल्या चादरीची धास्ती घेतली, तिला आता ती चादर धरून ठेवता येणार नव्हती. लातूरहून नांदेडला पोचेपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही.

सुजाता माझी धाकटी बहीण. देगलूरला आमच्या घरी ती जन्मली तेव्हा मुलगा झाला म्हणून दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, अख्ख्या वस्तीत पेढे वाटले होते. तेव्हाचं नाव मी इथं लिहिणार नाही. तिनं ते सोडलं होतं आणि कुणी त्या नावानं हाक मारली की तिचा चेहरा विझायचा. सुजाता हे नाव तिनं स्वतः घेतलं, आई आम्हाला विहारातून आल्यावर बुद्धाला खीर देणाऱ्या सुजातेची गोष्ट सांगायची त्यातून. लहानपणची ती मला आठवते ती शाळेतून धावत येताना. दप्तर ओसरीवर फेकायची आणि थेट न्हाणीत. शाळेच्या मुतारीत पोरं तिला अडवायची, चड्डी ओढायची, 'बघू तरी' म्हणायची. म्हणून ती सकाळपासून पाणीच प्यायची नाही. आईला वाटायचं, पोर हट्टी आहे, भरलेला तांब्या तसाच ठेवते. मला कारण माहीत होतं, पण तिनं मला शपथ घातली होती. दादांना कळलं असतं तर त्यांनी शाळेत जाऊन भांडण केलं असतं, आणि मग सगळ्या गावाला कळलं असतं. दोन्ही गोष्टींची भीती सारखीच होती. आम्ही दोघी त्या घरात भीती वाटून घेऊन राहायचो.

कॉलेजच्या वयात ती घर सोडून नांदेडला अम्मांकडे गेली. अम्मा तिथल्या तृतीयपंथीयांच्या एका घराच्या गुरू, दख्खनी बोलणाऱ्या, रागीट, आणि आपल्या माणसांना पंखाखाली घेणाऱ्या. पुढे कधीतरी सुजाताची शस्त्रक्रिया झाली, पुरुषाचे अवयव काढून टाकण्याची. डॉक्टरकडे नाही. शेजारच्या राज्यातल्या एका खेड्यात, कुणाच्या तरी घरात, हे काम करणाऱ्या एका बाईच्या हातून. अम्मा नको म्हणत होत्या, पण दवाखान्यात कुणी दारात उभं करत नव्हतं आणि सुजाताला आता धीर धरवत नव्हता. त्यांच्यात या शस्त्रक्रियेला निर्वाण म्हणतात. आमच्या घरात हा शब्द वंदनेत यायचा, डोळे मिटून ऐकायचा. तिच्या तोंडून तो पहिल्यांदा या अर्थानं ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ती म्हणाली, "अक्का, भिऊ नको. म्या जिती हाय ना." जिवंत होती, पण जखम भरताना आत कुठेतरी लघवीची वाट आवळली गेली होती. ते तिला कळत होतं. सांगायचं कुणाला, हे कळत नव्हतं.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दुष्काळात ती काही दिवस माझ्याकडे राहायला आली. मी तोवर लातूरला शिक्षिका झाले होते, एकटीच राहत होते. आमच्या गल्लीत टँकर आला की आरडाओरडा व्हायचा, घागरींवर घागरी आदळायच्या. सुजाता डोक्यावरून ओढणी घेऊन रांगेत उभी राहायची. बायका तिच्या पुढे-मागे जागा सोडून उभ्या राहायच्या. एक शेजारीण तिच्याशी बोलायची, तीही लांबून. त्या दिवसांत उदगीर वेगळा जिल्हा होणार अशी पुन्हा चर्चा उठली होती. शेजारीण म्हणाली, "नवा जिल्हा झाला की मोठा सरकारी दवाखाना होईल बघ, देगलूरवाल्यांना बी जवळ पडंल." सुजाता हसली. घरात आल्यावर मला म्हणाली, "दवाखाना जवळ आला म्हंजे भ्या बी जवळच येणार की."

माझ्या लक्षात यायला उशीर झाला, पण ती माझ्याकडे पाणी जवळजवळ पीतच नव्हती. विचारलं तर म्हणायची, "तुझं पाणी कशाला संपवू?" मलाही ते खरं वाटलं, कारण तेव्हा सगळेच घोट मोजून पीत होते. मग एका दुपारी शाळेतून आले तर ती जमिनीवर आडवी, अंग तापानं फणफणलेलं, दोन्ही हातांनी ओटीपोट दाबून धरलेलं. "अक्का, लई दुखून राहिलं. सकाळधरनं एक थेंब झाली न्हाई."

मी रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं. केसपेपर काढणाऱ्यानं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुरुष की स्त्री हे इतक्या मोठ्यानं विचारलं की मागची रांग पुढे सरकली. पुरुषांच्या वॉर्डातली सिस्टर म्हणाली, इथं नको, बाकीचे पेशंट तक्रार करतील. बायकांच्या वॉर्डातल्या सिस्टरनंही तेच सांगितलं. शेवटी एका पडद्यामागच्या टेबलावर तिला झोपवलं. तरुण डॉक्टर आला, त्यानं चादर वर केली आणि तसाच मागे वळून म्हणाला, "इकडे या रे सगळे, हे बघून घ्या." पाच-सहा चेहरे पडद्यातून आत आले. कुणी वाईट बोललं नाही. पण कुणी तिच्या तोंडाकडेही बघितलं नाही. सुजातानं चादर ओढून घेतली आणि त्या तापात, तशी वाकलेली, टेबलावरून खाली उतरली. "अक्का, चल. हितं मरायचं न्हाई मला."

मी तिला थांबवायचा प्रयत्न केला. मग तिचे डोळे पाहिले. शाळेच्या मुतारीतून धावत येणाऱ्या पोरीचेच डोळे होते ते... अम्मांना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "नांदेड ले आ. एक डॉक्टरनी है." एक जीप ठरवली. अहमदपूर गेलं, लोहा आलं, आणि प्रत्येक खड्ड्याला सुजाता माझ्या मांडीत दात रोवायची. दोन्ही बाजूंना नुसती काळी, भेगाळलेली रानं. मी मनात म्हणत होते, हिचं पोट आत फुटलं तर या रस्त्यावर मी कुणाला हाक मारू? ड्रायव्हर आरशातून बघत होता. पुढे लोह्याच्या पलीकडे तो म्हणाला, "ताई, त्यांना जरा कुशीवर करा, माझ्या आईला असंच व्हायचं." एवढ्याशा बोलण्यानं मला धीर आला.

ती डॉक्टरनी म्हणजे डॉ. मेघना. योगायोग असा की काही महिन्यांपूर्वी सुजातानंच तिला अम्मांच्या दारातून परत पाठवलं होतं. मेघना तृतीयपंथीयांच्या आरोग्यावर संशोधन करत होती आणि लोकांशी बोलायला आली होती. तेव्हा सुजाता तिला म्हणाली होती, "तुमच्या आधी बी लई आले. रगत घेतलं, नको ते इचारलं, आन् गेले. समद्यांना एकाच रोगाचं पडलेलं, एड्सचं. आमच्या रगतात काय निघालं, ते बी कुनी सांगाया आलं न्हाई." मेघना तशीच परत गेली होती. आता तिच्यापुढे सुजाता टेबलावर होती. मेघनानं आधी दार लावलं, आत फक्त एक सिस्टर आणि मी. मग विचारलं, "काय म्हणून हाक मारू?" नाव सांगितल्यावर ती म्हणाली, "सुजाता, आता मी चादर वर करणार आहे. चालेल?" माझ्या बहिणीनं मान हलवली आणि माझा हात इतका आवळला की बांगडी पिचली. नळी घालायला बराच वेळ लागला. लघवी सुटली तेव्हा तिच्याबरोबर मीही रडले.

बरी झाल्यावर मेघनानं तिला साधं विचारलं, "दिवसभरात पाणी किती पितेस?" सुजाता हसली. म्हणाली, बाहेर असलं की पीतच न्हाई, जायचं कुठं? बायकांच्या मुतारीतून बायका हाकलतात, पुरुषांच्यात गेलं तर... पुढे मेघनानं सगळ्यांना हे विचारायचं ठरवलं, आणि विचारायला सुजातालाच सोबत घेतलं. सुजाताची एकच अट होती: जे निघेल ते ज्यांना विचारलं त्यांना येऊन सांगायचं. ती अट मेघनानं पाळली. अम्मांच्या अंगणात सतरंजी टाकून तिनं सांगितलं तेव्हा मीही होते. पाणी टाळणाऱ्या, ताप अंगावर काढणाऱ्या, घरात केलेल्या शस्त्रक्रियेचं दुखणं लपवणाऱ्या अशा किती जणी आपल्याच शेजारी बसल्या आहेत, हे ऐकताना सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. अम्मा एवढंच म्हणाल्या, "हम सब एक ही बात छुपा रहे थे." त्यानंतर पुष्कळ अर्ज-विनंत्या करून मेघनाच्या दवाखान्यात आठवड्यातली एक दुपार या लोकांसाठी मिळाली, एका स्वतंत्र खोलीत.

त्या कामातली एक गोष्ट सुजाता पुन्हा पुन्हा सांगायची. इस्लापूरला तिला एक माणूस भेटला. फरशीच्या दुकानात हमाली करणारा, दाढी राखलेला, मुलगी म्हणून जन्मलेला. महिनोन् महिने अंगावरून रक्त जात होतं, चेहरा पांढरा फटक पडला होता. गावात कुणालाच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "बायकांच्या रांगेत मी कसा उभा राहू? उद्या दुकानात कळलं तर मला जित्ता सोडतील का?" सुजाता त्याला नांदेडला घेऊन आली, त्याला बाहेर झाडाखाली बसवलं आणि स्त्रीरोगाच्या रांगेत स्वतः उभी राहिली. बायका हसल्या. एकीनं विचारलं, तुला काय झालंय गं? ती म्हणाली, "माझ्या भावाला झालंय." त्या रांगेतून पळून जावंसं वाटत होतं, हे तिनं फक्त मला सांगितलं. त्याचं ऑपरेशन झालं. तो वाचला.

ती स्वतः मात्र... सगळ्यांना तपासण्या करायला लावणारी सुजाता आपल्या पायांवरची सूज साडीच्या निऱ्यांत लपवत राहिली. मेघनानं बळेच रक्त तपासलं तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेलेली होती. इतक्या वर्षांच्या अडलेल्या लघवीनं, वारंवारच्या तापानं ती आतून झिजली होती. डायलिसिस सुरू झालं. मी सुट्टी लागली की नांदेडला जायचे आणि प्रत्येक वेळी बस स्टँडवर उतरताना देवाला न मानणारी मी, कुणाला तरी हात जोडायचे.

शेवटची भेट नांदेडजवळ विष्णुपुरीला झाली. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता, धरणाचे दरवाजे उघडले होते. तिला ते पाणी बघायचं होतं. डॉक्टरांनी तिला पाणी अगदी थोडं प्यायला सांगितलं होतं, ओठ सुकून सोललेले. आम्ही दोघी कठड्यापाशी उभ्या राहिलो. तांबूस पाण्याचा लोंढा एवढा मोठा आवाज करत होता की तिला माझ्या कानाशी येऊन बोलावं लागलं. "अक्का, सारी उमर पानी पिलं न्हाई. आता प्यावं वाटून राहिलं तर पिता येईना." मग ती म्हणाली, "मला मरायचं भ्या न्हाई. गेल्यावर मला कोन उघडं करंल, त्याचं हाय." मी तिला वचन दिलं, की मी येईन. आणि त्या दिवसापासून ते वचन पाळता येणार नाही या भीतीनं मी झोपेतून दचकत राहिले.

मी पोचले तेव्हा दुपार झाली होती. बायकांच्या वॉर्डाच्या टोकाला पडदा ओढलेला होता. पडद्यापुढे अम्मा जमिनीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी एक सिस्टर उभी होती. तिचं काम संपून घरी जायची वेळ केव्हाच होऊन गेली होती. ती म्हणाली, "तुम्ही त्यांची ताई ना? त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, ताई येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. कुणी लावला नाही." उशाशी चिठ्ठी होती, तिच्यावर सुजाता लिहिलं होतं. चादर गळ्यापर्यंत, नीट खोचलेली. अम्मांनी आणि मी मिळून तिला पुसलं, पांढरी साडी नेसवली. दादा देगलूरहून आले होते. वॉर्डात शिरले नाहीत, पण बाहेरच्या बाकावर बसून होते. तिला बाहेर आणलं तेव्हा ते उठले आणि तिच्या पायाशी वाकून त्रिशरण म्हणायला लागले. मध्येच ते थांबले, तेव्हा पुढचं मी म्हटलं.

परवा मला उदगीरकडच्या एकीचा फोन आला. पन्नाशीची असेल. सुजाताचा नंबर आता माझ्याकडे आहे. ती म्हणाली, "त्या बाई सोबत यायच्या म्हणं. एकटीला भ्या वाटतंय." मी रजा टाकून नांदेडला गेले. त्याच दुपारच्या खोलीत मेघनानं तिला आत घेतलं. दाराची कडी जुनी आहे, धक्का लागला की निसटते, दुरुस्त करा म्हणून किती वेळा सांगितलंय. म्हणून सुजाता तपासणी चालू असताना बाहेर जमिनीवर बसायची, दाराला पाठ लावून, पाय समोर लांब करून, कुणी वॉर्डबॉय आला तरी न उठता. हे मला मेघनानं सांगितलं, तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी तिथं बसले. दाराचा खालचा रंग एका जागी घासून गेला आहे, खाली बसल्यावर पाठ टेकते तेवढ्या उंचीवर. आतून त्या बाईचा घाबरा आवाज आला, "भाईर हायत ना तुमी?"

भीती मलाही वाटत होती; पाठ दाराला घट्ट टेकवली. मी म्हटलं, "हाय. दारातच बसलेय."