दोन हातांचा खिसा

गल्लीच्या तोंडाशी शिवणकामाची खोली आहे. तिथली बाई टेपला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला खोलीभर चालायला लावते. उभा माणूस खोटं माप देतो, असं तिचं म्हणणं, आणि आजवर ते कुणी खोडून काढलेलं नाही. अशा बाईनं सख्ख्या बहिणीचा कोट मात्र निम्मा आठवणीवर बेतला.

अक्का, तिची थोरली बहीण, आता कायमची लेकीकडे निघाली होती, लांबच्या थंड गावाला. तिच्याबरोबर आपल्या घरातलं काहीतरी जावं, असं धाकटीच्या मनानं घेतलं. आणि घरातलं म्हटलं की तिला गोष्टीतला तो कोटच आठवे.

लहानपणी आई मशीनवर बसे, धाकटी काजं करी आणि अक्का मोठ्यानं पुस्तक वाची. एकच पुस्तक, परत परत. डोंगरापलीकडे टपाल पोचवणाऱ्या बाईची गोष्ट. काय तिचा रुबाब! गर्द हिरवा कोट, आत तांबडं अस्तर, कानापर्यंत उभी कॉलर, आणि खिसे तर विचारूच नका. एकात सफरचंद, एकात शिट्टी. उजवा खिसा तर एवढा ऐसपैस, की वाटेत कुणी गारठलेलं भेटलं तर त्याचा हातही आपल्या हाताबरोबर आत घेता यावा.

कापड कापून झालं, खिसे लागले. कॉलरची तेवढी शंका होती, म्हणून धाकटीनं वाचनालयातून ते पुस्तक आणलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. कोट सापडला. ‘कोट चढवून ती निघाली.’ बस, एवढंच.

तिनं पानं पुन्हा चाळली. मग आपण शिवला तो कोट कुणाचा? उजवा खिसा तर डोळ्यांना खुपत होता, डाव्याच्या दुप्पट. गिऱ्हाइकानं पाहिला तर नाक कापलं जायचं. तिनं उसवायला ब्लेड उचललं, आणि तसंच खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अक्का कोट घालून बघायला आली.

“अक्के, पुस्तकात कोटाला खिसाच नाही!”

“नसेल.”

“नसेल काय? रंग नाही, अस्तर नाही. मग हे सगळं आलं कुठून?”

अक्काला हसू फुटलं. “काजं करता करता तू पेंगायचीस. आईचा हात कसा उठायचा, ते तर तुला ठाऊकच. तुझी मान कलली की मी त्या बाईला एक खिसा लावायचे. की तू ताठ! तो कसा लावला असेल, ते विचारून भंडावून सोडायचीस.”

“म्हणजे माझ्या झोपेवर कोट शिवलास होय गं!”

“चांगला शिवला की. एवढ्या वर्षांत कुठं विरला नाही.”

अक्कानं कोट चढवला. खांदे बसले, कॉलर कानापर्यंत आली. उजव्या खिशात हात घालून ती म्हणाली, “ये, तूही घाल.”

धाकटीनं हात घातला. दोघींचे हात तोंडाशीच अडकले. ना आत, ना बाहेर.

“माप कुणाचं घेतलंस?”

“तुझ्या हाताचं.”

“आणि तुझ्या?”

धाकटीनं हात बाहेर काढून पाहिला. स्वतःचा हात तिनं मापात अजून तेवढाच धरला होता, काजं करणाऱ्या पोरीचा.

“उसव,” अक्का म्हणाली. “गाडी उद्याची आहे.”

धाकटी कोट घेऊन खिसा उसवत खिडकीशी बसली. अक्कानं स्टूल ओढलं, चष्मा चढवला आणि पुस्तक उघडलं.

“कोट चढवून ती निघाली,” ती वाचू लागली. मग थांबून तिनं चष्म्यावरून पाहिलं. धाकटी चांगली ताठ बसली होती. तरीही अक्का पुढं वाचतच राहिली, “डाव्या बाहीच्या आत तिला एक छोटासा चोरखिसा होता.”

धाकटीनं मान वर केली नाही. कात्रणांतून तांबड्या अस्तराचा एक तुकडा तेवढा तिनं बाजूला काढून ठेवला.